ते रडणं लग्नातलं होतं

नासिरभाऊ, भांडण अर्धं टाकून निघून जाणं ही काही माणसाची रीत नाही. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या क्लासच्या दारात उभे राहून म्हणालात, आज जाऊ द्या मॅडम, उद्या फायनल करू. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या छातीत कळ आली आणि दारव्ह्याच्या दवाखान्यात नेता नेता जीपमध्येच तुम्ही गेलात. तुमची वेबसाइट बंद करायची की चालू ठेवायची, हा आपला वाद तसाच लोंबकळत राहिला. आता तुमची बाजू मांडायला कोणी नाही, आणि समोर कोणी नसताना वाद जिंकण्यात काय गंमत असते ते तुम्हीच मला सांगा.

बोरीत तुमचा फोटो स्टुडिओ आणि माझा कॉम्प्युटर क्लास यांच्यामध्ये एकच भिंत. तुम्ही तिकडून खिळा ठोकला की इकडे माझ्या पोरींच्या कीबोर्डवर चुना पडायचा. वयानं तुम्ही माझ्या मोठ्या भावाहूनही मोठे, तरी मला मॅडमच म्हणायचात, निम्मं चिडवायला आणि निम्मं मनापासून. मी एकदा वैतागून म्हटलं, रमा म्हणा ना. तर तुम्ही म्हणालात की बहिणीला नावानं हाक मारता येते, पण बहीण फुकटात काम करताना तोंड वाजवते, मॅडम वाजवत नाही. तेवढा एक अंदाज तुमचा साफ चुकला होता.

ती वर्षं आपण दोघांनी भिंतीच्या दोन बाजूंनी पाहिली. कापसानं सगळ्यांचीच कंबर मोडली होती. लग्नं पुढे ढकलली जात होती, झालीच तर सामूहिक मांडवात, आणि फोटो नवरदेवाचा कोणी मित्र मोबाइलवर काढायचा. तुमच्याकडे एकाच प्रकारचं काम वाढत चाललं होतं. लोक जुना अल्बम घेऊन यायचे, वरातीच्या घोळक्यातल्या एका माणसावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, हा गेला. तुम्ही तो चेहरा घोळक्यातून कापून मोठा करायचात, मागे निळा पडदा टाकायचात आणि अंगात कोट घालायचात. ज्यानं जन्मात कोट घातला नाही त्याला मेल्यावर तुमच्या कॉम्प्युटरमधला तो एकुलता एक कोट मिळायचा. बोरीच्या आसपासच्या किती घरांत एकाच कोटातली माणसं भिंतीवर हार घालून बसली आहेत, देव जाणे.

असाच एक कोट चढवताना तुम्ही अर्ध्यातून उठलात आणि माझ्याकडे येऊन स्टुलावर बसलात. पाणी मागितलंत, पण प्यायला नाहीत.

"मॅडम, मले आता जित्त्या माणसाचे फोटो काढाचे हायेत," तुम्ही म्हणालात. "नागपूर, अमरावती, कुठंबी जाईन. मले इंटरनेटवर दुकान लावून द्या."

मी यवतमाळला जाऊन वेबसाइट बनवायचा कोर्स नुकताच केला होता आणि त्याचं करायचं काय हे मलाच कळत नव्हतं. म्हणून मीही पदर खोचला. आता आठवलं की हसू येतं. मी तुम्हाला सांगत होते की पोर्टफोलिओ म्हणजे निवडक काम, आपलं उत्तमातलं उत्तम. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतो, तेवढ्यात त्याला भुरळ पडली पाहिजे. तुम्ही मान डोलवायचात आणि दुसऱ्या दिवशी पिशवीभर निगेटिव्ह घेऊन यायचात. तुमच्या मते ती साइट म्हणजे लग्नाची पत्रिका होती. तिच्यात एका घरचं नाव आलं आणि दुसऱ्याचं राहिलं तर राडा होणार. कुरेशींच्या निकाहाचा फोटो घेतला तर बुद्धविहारातल्या लग्नाचा पाहिजे, तो घेतला तर बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा पाहिजे, आणि तांडे तर बोरीभोवती कितीतरी. पाटलांची नवरी डोळे मिटलेली निघाली होती. तरी तुम्ही म्हणालात, असू द्या, पाटलाले वाईट वाटन. अहो, पाटील कुठे इंटरनेट बघणार होते?

लाइट जायची, टेलिफोनची लाइन तुटायची. एक फोटो वर चढेपर्यंत तुमचे दोन चहा व्हायचे. तरी मला ते दिवस आवडायचे. तुमच्या फोटोंत मला माझंही लग्न सापडलं. बुद्धवंदना चालू असताना माझ्या बाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला होता, तो फोटो. तेव्हा मला दिसलंच नव्हतं. सगळे फोटोग्राफर नवरा-नवरीला धरून असतात, तुम्ही मात्र नेमकं दुसरीकडे बघत असायचात. बाबा गेल्यावर आम्ही त्यांचा तोच फोटो लावला. कोट घालू नका म्हणून मी तुम्हाला बजावलं होतं आणि तुम्ही जरा रागावूनच म्हणालात, त्या मानसाले कोटाची काय गरज.

मग पहिल्या पानावर कोणता फोटो ठेवायचा यावरून आपलं वाजलं. माझं म्हणणं साधं होतं. गिऱ्हाईक पाहिजे तर हसणारी नवरी पाहिजे. दागिने, मेंदी, मागे दिव्यांच्या माळा. तुम्ही ऐकेनात. तुम्हाला जमनाबाईचा फोटो पाहिजे होता.

बोरीजवळच्या तांड्यावरची ही जमनाबाई, हरसिंगभाऊंची बायको. तुळशीचं लग्न उरकल्यावर तिच्या सुनीताचं लग्न होतं. लेक निघताना बंजाऱ्यांमध्ये ढावलो म्हणतात. लेक आणि आई गळ्यात पडून सुरात रडतात, रडता रडता गातात, बाकीच्या बायका त्यात सूर मिसळतात. जमनाबाईचा ढावलो ऐकायला शेजारच्या तांड्यांवरून बायका यायच्या. तुमच्या फोटोत तिचं तोंड उघडं आहे, डोळे मिटलेले, डोक्यावरची ओढणी सरकलेली. तिच्या पाठीवर लेकीचे मेंदीचे हात आवळलेले आहेत आणि मागे वेचायचा राहिलेला कापूस पांढराशुभ्र फुटला आहे. सुनीताचा चेहरा दिसत नाही.

"हसणारी नवरी कोणीबी काढते," तुम्ही म्हणालात. "हे एका आईचं लग्न हाय, मॅडम."

मी हरले. तो फोटो पहिल्या पानावर गेला. खाली काही लिहायचं का, असा विचार ना तुमच्या मनात आला ना माझ्या. लग्नात आई रडते, ढावलोत तर रडायचंच असतं, हे कोणाला समजावून सांगायचं? बोरीतल्या कोणत्याही माणसाला तो फोटो दाखवला असता तर त्यानं आधी विचारलं असतं, पोरगी कुठं दिली?

पुढे कित्येक महिने कोणी फिरकलं नाही. तुम्ही रोज भिंतीवर टकटक करायचात आणि मी इकडून ओरडून सांगायचे, काही नाही. एक दिवस मेल आला. इंग्रजीत होता, दिल्लीच्या कुठल्याशा मासिकाचा. मी वाचला आणि पुन्हा वाचला. पहिल्या पानावरच्या शेतकऱ्याच्या विधवेचा फोटो फार प्रभावी आहे, असं त्यात होतं. तिचं नाव, गाव, नवऱ्यानं काय घेतलं, आणि तुमच्याकडे अशा आणखी बायकांचे फोटो आहेत का. तुम्ही विचारत होतात, काय म्हणते, काय म्हणते, आणि मला मराठीत सांगता येईना.

मी सविस्तर उत्तर लिहिलं. हे लग्न आहे, बाईचा नवरा धडधाकट आहे, पाठीवरचे हात बघा, मेंदी बघा. त्यांचं उत्तर लगेच आलं. माहितीबद्दल आभार, आणि खऱ्या विधवांचे फोटो असल्यास जरूर कळवावे. तेही तुम्हाला वाचून दाखवलं आणि मीच चहा मागवला. आपल्या इंटरनेटवरच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं होतं ते हे.

मी म्हटलं, जाऊ द्या, एक मूर्ख भेटला. पण पुढे आणखी भेटले, आणि काही भेटलेच नाहीत, नुसता फोटो उचलून घेऊन गेले. साइटवर ठेवलेली वस्तू कोणीही खिशात टाकू शकतो, हे मला कोर्समध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

हरसिंगभाऊ आले तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. ते कामानिमित्त यवतमाळला गेले होते. तिथे मैदानावर शेतकऱ्यांच्या प्रश्नावर कसलीशी सभा होती. मांडवाच्या दारात माणसाच्या दुप्पट उंचीचा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर त्यांची बायको होती. पुसलेल्या कुंकवाबद्दल खाली मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. सुनीताचे हात कापून टाकलेले. कापूस मात्र ठेवला होता. हरसिंगभाऊ तिथून थेट एसटीनं बोरीला आले. मला वाटलं आता मारामारी होते. पण ते तुमच्यासमोर बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नासिरभाऊ, मी जित्ता आहो ना?" त्यांनी विचारलं. "मंग माह्या बायकोच्या खाली हे काय लिवलं?"

मी वेबसाइट म्हणजे काय ते सांगायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. ज्या माणसाला आपल्या मरणाची पाटी वाचून यावं लागलं, त्याला सर्व्हर काय समजावून सांगायचा?

त्याच दिवशी तुम्ही मला तो फोटो साइटवरून काढायला लावलात. मी काढला. पण आपल्याकडून काढला म्हणून जगातून निघत नाही, हे हळूहळू कळत गेलं. तुम्ही यवतमाळला गेलात. सभा उठली होती, मांडव निघाला होता, फ्लेक्स कोणी नेला ते कोणालाच माहीत नव्हतं. मग काही दिवसांनी एसटी स्टँडच्या मागे एका चहाच्या टपरीला आडोसा म्हणून तो बांधलेला तुम्हाला दिसला, जमनाबाईचं तोंड आतल्या बाजूला, धुरानं काळं झालेलं. तुम्ही बाजारातून नवी ताडपत्री आणून त्या टपरीवाल्याला दिलीत आणि फ्लेक्स गुंडाळून घरी घेऊन आलात. टपरीवाल्याला वाटलं, या म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे. त्या दिवशी तुम्ही फार खूश होतात. मी नव्हते, कारण तोवर तोच फोटो मला आणखी दोन ठिकाणी सापडला होता आणि तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं. शेवटी सांगितलं. आपण मेल पाठवले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं लिहिलं की फोटो प्रातिनिधिक आहे. त्याचा अर्थ तुम्ही मला विचारला आणि मी म्हटलं, म्हणजे बाई कोणीही असली तरी चालते.

तुमचं मन खरं मोडलं ते मात्र यातल्या कशानं नाही. जमनाबाईनं ढावलो म्हणणं सोडलं म्हणून. बाजारात बायका तिच्या हातातल्या बांगड्यांकडे बघायच्या. ती आधी हसायची, माह्या धन्याला काई झालं नाई म्हणून सांगायची. पण शेजारच्या तांड्यावर तिच्या भाचीचं लग्न होतं, तुम्ही फोटोला गेला होतात, आणि लेक निघायच्या वेळी सगळ्या जमनाबाईकडे बघत राहिल्या तरी तिनं तोंड उघडलं नाही. तुम्ही तिला कारण विचारलंत. "रडाचं भेव वाटते, भाऊ," ती म्हणाली. "कोन काय समजन त्याचा नेम नाई." हे तुम्ही मला येऊन सांगितलंत तेव्हा कॅमेऱ्याची पिशवीही खाली ठेवली नव्हती.

तेव्हापासून तुमचं एकच टुमणं सुरू झालं, साइट बंद करा. मी म्हणत होते, का म्हणून? चोर दुसरे, आणि कुलूप आपल्या दाराला? तुमचे एवढे फोटो, एवढी लग्नं, एवढी हसणारी-रडणारी माणसं त्यात आहेत. बोरीत बसून अमरावतीचं गिऱ्हाईक कसं मिळणार? तुम्ही म्हणायचात की फोटो घरातल्या भिंतीवर असतो तोवर तो ज्याचा त्याचा असतो, रस्त्यावर गेला की तो बेवारस होतो. मी म्हणायचे, मग छापखाने बंद करा, टीव्ही बंद करा. मी आजही तेच म्हणते, भाऊ. उलट तो फोटो पुन्हा पहिल्या पानावर ठेवावा आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहावं की ही सुनीताची आई आहे आणि हे लग्न आहे, असं मी तुम्हाला त्या शेवटच्या संध्याकाळी सांगत होते. हरसिंगभाऊंना मी विचारून आले होते. ते म्हणाले, जमना म्हणन तसं. आणि जमनाबाई म्हणाली, लिवा, चांगलं मोठ्ठं लिवा. तुम्ही ते ऐकून दारात बराच वेळ घुटमळलात. आणि मग ते तुमचं, उद्या फायनल करू.

तुम्ही हो म्हणणार होतात की नाही? एवढंच मला पाहिजे होतं. बाकी काही नको.

तुमच्या मय्यतीला अख्खी बोरी होती. हरसिंगभाऊंनी कबरीवर मिट्टी दिली. त्याच दिवशी जमनाबाई तुमच्या घरी आली, भाभीला मिठी मारली, आणि इतके महिने मिटून ठेवलेलं तिचं तोंड उघडलं. काय म्हणत होती ते मला कळलं नाही, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत होतं. भाभीलाही कळत नसेल. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं घालून हलत होत्या. त्या दोघींमधली खरी विधवा कोणती, हे तेव्हा कोणत्याही दिल्लीवाल्याला ओळखता आलं असतं. पण कापसापायी गेलेल्या माणसाचं ते घर नव्हतं, त्यामुळे तिकडे कोणी येणारही नव्हतं. बरंच झालं. मी उंबऱ्याशी उभी होते आणि एकच विचार डोक्यात होता, की नासिरभाऊ असते तर ते या वेळी कुठे उभे राहिले असते.

तुमचं चाळीसावं व्हायच्या आधीच मी साइटवर तो फोटो परत ठेवला आणि खाली लिहिलं. तुमची परवानगी नव्हती. पण त्या संध्याकाळी नाहीही म्हणाला नव्हतात, उद्यावर टाकलं होतंत, आणि तुमचा उद्या आता माझ्याकडेच आहे.

आणि परवा मेल आला. अमरावतीच्या एका बाईंचा. इंग्रजी अक्षरांत मराठी, चुकत-माकत टाइप केलेलं. मी फोटोखाली लिहिलेली ओळ जरा ठळक दिसावी म्हणून काहीतरी करायला बसले होते, म्हणून लगेच दिसला. त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. हॉलवाल्यांनी फोटोग्राफर दिला होता, पण त्याचे अल्बम बघून त्यांचं मन भरलं नाही, सगळीकडे नुसतं हसा हसा. त्यांनी हा फोटो आधीही कुठेतरी पाहिला होता आणि तेव्हाही त्यांना वाटलं होतं की ही बाई लेकीला पाठवते आहे. आपल्या पाठवणीचे फोटो याच माणसानं काढावेत, अशी त्यांची इच्छा आहे. तुम्ही कुठेही असाल तिथून न्यायला गाडी पाठवतो म्हणाल्या.

मी त्या मेलचा प्रिंट काढून भाभीकडे घेऊन गेले. निकाहाच्या वेळी बायकांकडचे फोटो नेहमी भाभीच काढायच्या, तुम्हाला आत जायची मुभा नव्हती म्हणून. त्यांचा हात तुमच्याइतकाच बसलेला आहे, हे तुम्ही स्वतः सांगायचात. मी म्हटलं, भाभी, तुम्ही जा. भाभींनी कागद नीट वाचला, तारीख पाहिली. "मॅडम, मेरी इद्दत है," त्या म्हणाल्या. "चार महीने दस दिन तो मैं चौखट के बाहर भी नहीं जा सकती." कागदाची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली आणि चहा ठेवायला गेल्या. त्यांना उठू देऊ नये एवढंही मला सुचलं नाही.

मी परत येऊन उत्तर लिहायला बसले. नासिरभाऊ नाहीत, एवढंच तर लिहायचं होतं. पण त्या बाईंनी मेलच्या शेवटी एक प्रश्न विचारला होता. फोटोतल्या त्या आईची लेक आता माहेरी येते ना?

इतक्या लोकांनी तो फोटो नेला, वापरला, त्याखाली काय काय लिहिलं. हे एकानंही विचारलं नव्हतं. मी आधी त्याचंच उत्तर लिहिलं. येते, दर दिवाळीला येते, आता तर लेकरू कडेवर घेऊन येते, आणि आई तिला आठ दिवस सोडत नाही. तेवढं लिहिताना माझे डोळे भरले आणि मी तेवढंच पाठवून दिलं. पुढचं लिहायचं राहिलं.

आज त्यांचं उत्तर आलं आहे. सुनीताचं ऐकून फार बरं वाटलं म्हणतात. हॉलचा पत्ता दिला आहे, राहायची सोय घरीच केली आहे, जेवणात काही वर्ज्य असेल तर कळवा म्हटलं आहे. आणि विचारलं आहे की भाऊ आदल्या दिवशी येतील, की लग्नाच्या दिवशी सकाळी.